लातूरला आल्यावर चिडलेला गुरामी

लातूर नवीनच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत माणसं हवी होती, म्हणून माझ्या नवऱ्याची नांदेडहून तिकडे बदली झाली. आमच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाई मी घरात येण्याआधीच वारल्या होत्या. सासऱ्यांनी कापडाचं दुकान थोरल्या दिरांवर सोपवलं होतं आणि ते आमच्याबरोबर यायला निघाले. त्यांची अट एकच होती, मासे बरोबर येतील.

माल आणायला हैदराबादला जायचे तेव्हा त्यांना माशांचा नाद लागला होता. आमचं घर शुद्ध शाकाहारी. लिंगपूजा केल्याशिवाय सासरे पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. अशा घरात काचेच्या पेटीत मासे पाहून नातेवाइकांना प्रश्न पडायचा. एका म्हाताऱ्या पाहुणीने तर मला स्वयंपाकघरात गाठून, ‘खायला न्हाईत ना ठेवलेले?’ असं हळूच विचारून घेतलं होतं.

सामानाच्या ट्रकमध्ये गादीत गुंडाळून काचेची पेटी गेली. मासे मात्र सासऱ्यांच्या मांडीवर, तेलाच्या धुतलेल्या डब्यात, एस.टी.ने निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, प्रत्येक खड्ड्याला ते डबा उचलून अधांतरी धरायचे. शेजारच्या माणसाने डब्यात काय आहे म्हणून विचारलं. त्यांनी झाकण किलकिलं करून दाखवलं, आणि चाकूर येईपर्यंत अर्धी गाडी येऊन डोकावून गेली. कंडक्टरसुद्धा.

डब्यात दोन एंजल होते, पतंगासारखे चपटे आणि ऐटबाज. काळ्या मोली होत्या. आणि एक निळा गुरामी होता, तळहाताएवढा. तो सासऱ्यांचा लाडका. नांदेडला ते पेटीपाशी बसले की तो काचेजवळ येऊन थांबायचा.

लातूरला आम्हाला मकान मिळालं ते दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. ते दुष्काळाचे दिवस. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, गल्लीत टँकर यायचा आणि त्याच्या पाण्याला ब्लिचिंगचा उग्र वास असायचा. पेटीतल्या हवेच्या पंपाला वीज लागायची आणि विजेचं बटण बाहेरच्या खोलीत दाराशेजारीच होतं, म्हणून पेटीही तिथेच मांडली. आठवडाभरात गल्लीला खबर लागली. बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत आमच्या ओट्यावर बसायच्या, पोरं आत येऊन काचेवर टकटक करायची.

आणि गुरामी बिघडला.

एवढा शांत मासा, पण तो मोलींच्या मागे लागायचा. एकीची शेपटी फाटली, दुसरीचे खवले गेले. एंजलना त्याने एका कोपऱ्यात कोंडून टाकलं. तिथे ते पंख मिटून, फिक्या रंगाने, हलायचं नाव न घेता उभे राहायचे. एके सकाळी एक मोली मेलेली सापडली. सासऱ्यांनी तिला तुळशीच्या कुंडीत पुरलं आणि त्या दिवशी ते अर्धीच भाकरी खाऊन उठले.

नवरा म्हणाला, गुरामीला काढून टाका. ओट्यावरच्या बायकांपैकी एक निलंग्याकडची होती, बोलताना मध्येच कानडी शब्द टाकणारी, गोड स्वभावाची. तिचं मत पडलं की नजर लागली.  सासरे पेटीसमोर बसून स्वतःशीच म्हणाले, “ह्यो असा नव्हता.”

मी हे सगळं दाराआडून ऐकायची. आमच्याकडे सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. चहा झाला, हे मी नवऱ्याला सांगायची आणि नवरा दोन हातांवर बसलेल्या वडिलांना सांगायचा. त्यांना साखर कमी वाटली तर तेही त्याच वाटेने परत यायचं. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पण दिवसभर घरात मीच असायची. सासरे सकाळी देवळात जायचे, तिथून बाजारात एका ओळखीच्या कापडवाल्याच्या गादीवर बसायचे. मी तांदूळ निवडायला पेटीसमोर बसायला लागले आणि बघता बघता मला काही गोष्टी दिसू लागल्या. गुरामी सारखा मारत नव्हता. दुपारी दार बंद असलं, गल्ली झोपलेली असली की तो बराच वेळ गप्प असायचा. दार धाडकन उघडलं, उजेड आत आला, काचेवर टकटक झाली, की तो दचकून पेटीभर सैरावैरा पळायचा आणि मग जो पहिला समोर येईल त्याला टोचायचा. खाणं एकाच कोपऱ्यात पडायचं, तो कोपरा अडवून तो उभा राहायचा. आणि नांदेडला त्याची एक जागा होती, फुटक्या माठाचा तुकडा. त्याच्या आडोशाला तो तासन्‌तास पडून असायचा. सामान बांधताना कुणीतरी तो तुकडा कचरा समजून फेकून दिला होता. आता पेटीत गोटे आणि पाणी, बाकी लपायला काही नव्हतं. एंजलनाही नाही, मोलींनाही नाही.

हे मी नवऱ्याला सांगणारच होते, तेवढ्यात त्याची टँकरच्या कामावर औसा तालुक्यात नेमणूक झाली आणि तो बॅग घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सासरे बाजारातून आले ते काचेची बरणी घेऊन. गुरामीला त्यात वेगळा ठेवायचा त्यांचा विचार झाला होता. हात पेटीत घातला होता, पण गुरामी हाताला लागत नव्हता, आणि सासऱ्यांचा चेहरा असा झाला होता की मला राहवलं नाही. मी पदर सावरला आणि दारातून पुढे आले.

“मामा, तो माजलेला नाही. तो घाबरलाय.”

त्यांचा हात पाण्यातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पेटीकडेच पाहत राहिले. मला वाटलं, आता काही खरं नाही. हात बाहेर काढून ते म्हणाले, “कशावरून म्हणतीस?”

मग मी सगळं सांगितलं. एवढं सलग मी त्या घरात कुणाशीच बोलले नव्हते. ते मध्ये मध्ये फक्त “हाव” म्हणत होते. माठाच्या तुकड्याचं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला ओला हात लावला. “त्याचं घरच इसरून आलो की आपण.”

त्या दुपारी आम्ही दोघांनी पेटी आतल्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्यात नेली. विजेसाठी लांब वायर ओढावी लागली. दोन बाजूंच्या काचांना बाहेरून जाड कागद लावला. मोरीजवळ एक तडकलेला माठ होता, तो फोडून त्याच्या कडा मी दगडावर घासून बोथट केल्या. तुकडे कुठे ठेवायचे यावर आमचं एकमत होईना. सासऱ्यांचं म्हणणं, नांदेडला होता तसाच गुरामीचा तुकडा डावीकडे. माझं म्हणणं, सगळंच बदलू, गोटेही हलवू, म्हणजे कुठलीच जागा कुणाची राहणार नाही आणि सगळ्यांना नव्याने शोधावं लागेल. त्यांनी थोडा विचार केला आणि माझं ऐकलं. पेटी हलवायला पाणी उपसलं तेव्हा गुरामी हाती लागला होता, तो तोवर बरणीतच होता. दोन-चार दिवस त्याला तिथेच ठेवला, बरणीवर ओलं फडकं टाकून. मोली आणि एंजलनी आपापल्या जागा धरल्यावर त्याला परत सोडला.

पाण्याचा प्रश्न उरला होता. माणसांना प्यायला पाणी नाही आणि यांच्याकडे माशांचे लाड, असं गल्लीत कुणी म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. सासऱ्यांनी तो स्वतःपुरता मिटवला. अंघोळीच्या बादलीतलं थोडं पाणी ते आधीच बाजूला काढून ठेवायचे आणि उरलेल्यात भागवायचे. टँकरचं पाणी उघडं ठेवून ब्लिचिंगचा वास गेला की मगच ते पेटीत, तेही तांब्या-तांब्याने. पेटीतून काढलेलं घाण पाणी तुळशीला आणि शेजारणीच्या कढीपत्त्याला. त्या दुष्काळात गल्लीत हिरवागार असा तो एकच कढीपत्ता होता, आणि सगळ्यांच्या फोडण्या त्याच्यावर चालायच्या. मग कुणी कशाला काय म्हणेल!

गुरामी एका दिवसात काही साधू झाला नाही. खाण्याच्या वेळी अजूनही अंगावर जायचा, म्हणून आम्ही दोघं मिळून दोन टोकांना एकाच वेळी खाणं टाकायला लागलो. तो एकीकडे पळेपर्यंत दुसरीकडच्यांचं खाऊन व्हायचं. पण मोलींच्या शेपट्या भरून आल्या, आणि एंजलच्या अंगावरचे काळे पट्टे पुन्हा ठळक उमटले. ते पहिल्यांदा कोपरा सोडून मधोमध पोहले तेव्हा सासऱ्यांनी मला हाक मारली. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशी, सरळ मलाच.

नवरा परत आला तेव्हा आम्ही माशांच्या खाण्याची चिमूट किती मोठी असावी यावर वाद घालत होतो. तो चपला न काढता दारात उभा राहिला. जेवताना त्याने मला विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, मासे नीट झाले तेव्हापासून. सासऱ्यांनी भाकरीचा तुकडा मोडत, माझ्या बाजूने हुंकार दिला.

पुढे मोलींना पिल्लं झाली. मोहरीच्या दाण्यांएवढी, डोळेच डोळे. निलंग्याच्या शेजारणीने त्यांतली काही मागितली, तिच्याकडे बरणीही तयार होती. सासरे म्हणाले, देऊ, पण आधी बरणी कुठे ठेवणार ते पाहू. पायात वहाणा सरकवून ते ओट्यावर थांबले आणि मला म्हणाले, “चल, तुला जास्ती कळतं.”

शेजारणीने बरणी रेडिओच्या शेजारी मांडली होती. आम्ही दोघांनीही एकदम मान हलवली. मग चहा झाला, आणि चहा पिता पिता त्या बाईच्या घरातला प्रत्येक कोनाडा, प्रत्येक फळी आम्ही पाहून घेतली. शेवटी देवघराच्या खालचा कोनाडा आम्हाला पसंत पडला.