साराताईंचा शनिवार

आमच्या नॉटिंगहॅमच्या मंडळात साराताई पेणकर शनिवारच्या कार्यक्रमाला कधीच येत नसत. शनीचा कडक उपास असणार, असं आम्हीच ठरवून टाकलं. शुक्रवारी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी पोचवायचो. त्या कोळंबीला शिवत नाहीत हे कळल्यावर तर आदर आणखी वाढला. मी मंडळाची सेक्रेटरी, सगळ्यांच्या घरची खडान्‌खडा माहिती ठेवणारी. पण पेणकर आडनाव आणि अलिबागकडचं खणखणीत मराठी, म्हटल्यावर पुढे चौकशी करायचं मला सुचलंच नाही.

ताई बहात्तर वर्षांच्या, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. नवरा गेल्यावर लंडन सोडून लेकीजवळ इथे आल्या. "तुम्ही नसतात तर मी भिंतींशी मराठी बोलले असते," असं म्हणायच्या.

गेल्या महिन्यात आम्ही त्यांना भाषणाला उभं केलं. विषय त्यांनीच निवडला: ब्रिटनमधला ज्यूद्वेष. १२९० साली राजाने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. १८५८ पर्यंत पार्लमेंटमध्ये बसायला ख्रिस्ती शपथ आडवी यायची. पुढे गोल्फ क्लबसुद्धा त्यांना दारातूनच परतवायचे. ताई सांगत होत्या इतक्या मिश्कीलपणे की आम्ही चहा विसरलो.

तेवढ्यात आमचे अध्यक्ष ज्ञानेश्वरराव म्हणाले, "बट ताई, इतकी शतकं सगळे मागे लागतात, म्हणजे त्यांचंही काहीतरी चुकलंच असेल ना?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? ताईंनी चष्मा काढला. त्या क्षणी वाटलं, आता मराठी बोलायला पुन्हा भिंतीच उरल्या, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

"माझ्या वडिलांनी असाच एका क्लबचा फॉर्म भरला होता," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरी म्हणाला, आम्ही इंडियन्सना घेत नाही. वडील म्हणाले, मी ज्यूसुद्धा आहे. घरी येऊन आईला म्हणाले, बरं झालं, दोन नकार एकाच फेरीत उरकले."

हसावं की नाही, कुणाला कळेना. ताई स्वतःच आधी हसल्या.

"आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. शनीचा काही संबंध नाही, आणि कोळंबी आमच्या धर्मात चालत नाही. खिचडी मात्र छान असायची."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्ञानेश्वरराव चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"सॉरी ताई. चार वर्षं तुमच्या घरी जेवतोय, पण एकदाही विचारलं नाही."

"विचारलं असतंत," ताई कप घेत म्हणाल्या, "तरी मी सांगितलं नसतं."