दंडावरचा काळा दोरा

अब्बांच्या उजव्या दंडावर काळा दोरा होता आणि त्यात पितळेचा लहानसा तावीज. सुतारकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिला रंधा हातात देताना तो बांधलेला. त्याची गाठ सोडायची नाही, आवळायचीही नाही. दोरा झिजला की आधी नवा बांधायचा, मगच जुना कापायचा. आमच्या पोंभुर्ण्यातले निम्मे सागवानी दरवाजे त्या हातानं केलेले.

शुगरनं त्यांना सुकवायला घेतलं ते सगळ्यात आधी दोऱ्यानं सांगितलं. तो घसरून कोपरावर यायला लागला. अब्बा दिवसभर तो वर सरकवत बसायचे. थोडा आवळून घ्या, असं अम्मी एकदा म्हणाली तर संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. त्यांना दोरा लहान करायचा नव्हता, दंड परत हवा होता. रंधा चालवता आला नाही तर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि गावोगाव पावडरीच्या डब्यांचं पीक आलं होतं. आम्हाला गणित शिकवलेले मास्तर निवृत्तीनंतर तेच विकायचे. झिजलेलं मांस भरून येतं, नवं चढतं, म्हणाले. मी पुरावा विचारला. त्यांनी एका माणसाचे दोन फोटो काढले, आधीचा आणि नंतरचा. मला तर ते दोघं मावसभाऊसुद्धा वाटेनात, आणि मी तसं बोलूनही टाकलं. अम्मीनं डोळे वटारले आणि डबा घेतला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या काडीला व्हॅनिलाचा वास होता.

सकाळ-संध्याकाळ दुधातून पावडर सुरू झाली. मी कुरकुरत राहिले. आणि काही आठवड्यांनी एका दुपारी अब्बांनी हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. दोरा जागचा हलला नाही.

"बसला," ते म्हणाले. "पाह्य बेटा, बसला."

त्या दोऱ्यानं माझंही तोंड बंद केलं. याहून मोठा पुरावा आमच्या घरात कुठला असणार होता? चेहरा भरला होता, गाल वर आले होते. चपला घट्ट व्हायला लागल्या तेव्हा अम्मी हसून म्हणाली की माणूस पायापासून भरतो. तिनं मलिदा करून गल्लीत वाटला. अब्बांनी रंध्याचं पातं काढून धार लावली. मी इतकी खूश झाले होते की मास्तरांची मनातल्या मनात माफीही मागितली.

पण पातं रंध्यात परत बसलं नाही. सकाळी डोळे उघडेनात, आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून मी त्यांना चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी दंडावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खड्डा पडला होता आणि तो भरून येईना. हे मांस नाही, पाणी आहे, किडनी थकल्या आहेत, ते म्हणाले. पावडरीनंच झालं असं ते म्हणाले नाहीत, पण तिनं मांस चढल्याचा पुरावाही त्यांना दिसत नव्हता. ती बंद करायला सांगितली.

परतीच्या बसमध्ये अब्बा स्वतःच अंगठा दाबत होते, खड्डा बघत होते, पुन्हा दाबत होते.

"लाकूड ओल धरते तवा फुगते," ते म्हणाले. "त्याले कोणी मजबूत नाई म्हणत. आन मले सुताराले नाई समजलं." मग थोड्या वेळानं, "घरी नको सांगू. दोरा बसला म्हणून अम्मी किती खुश हाय."

मी सांगितलं नाही. पावडरीचा वास सोसत नाही असं सांगून त्यांनी दूध परत करायला सुरुवात केली. अम्मी रोज पेला घेऊन उभी राहायची, विनवायची, आणि शेवटी स्वतःच पिऊन टाकायची. दूध फेकायचं नसतं.

पावसाळ्याआधीच अब्बा गेले. आंघोळ घालणाऱ्या माणसांनी बाहेर येऊन तावीज अम्मीच्या हातात ठेवला. दोरा मांसात रुतला होता, कापावा लागला, म्हणाले. अम्मी बराच वेळ तो कापलेला दोरा बोटावर गुंडाळत बसली.

"पाह्य, रुतला होता," ती मला म्हणाली. "एवढा भरला होता दंड. पावडर बंद नसती केली त आज रंध्यावर बसले असते."