डावीकडे जाणारी अँबेसिडर

गॅरेजमध्ये जुने टायर आणि किस्से कोणी टाकून देत नाही. दोन्ही कोपऱ्यात साचत जातात. जळगावला आमच्याकडे व्हील अलाइनमेंट होते. कम्प्युटर मी बघतो, कम्प्युटर हरला की सलीमचाचा. यंदाचे किस्से मात्र एकाच गाडीचे.

आमचे जुने गिऱ्हाईक नाना, त्यांची अँबेसिडर डावीकडे ओढायची. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बजावलं होतं की आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी बोदवडला गाडी सरळ गेली तर ठीक, नाहीतर भंगारात. नानांचा चेहरा बघवत नव्हता.

*

गाडी मशीनवर घेतली. कम्प्युटरच्या यादीत सगळ्या गाड्या, हीच नाही. साल मागे मागे नेत गेलो, यादीच संपली!

नाना म्हणाले, "तुना कम्प्युटर लहान शे बेटा."

*

मग चाचांनी दोरी काढली. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत ताणली, फूटपट्टीने फरक मोजला, पाना फिरवला. पाचोरा रोडला नेऊन स्टेअरिंग सोडून दाखवलं. गाडी सरळ! नाना खूश.

दुसऱ्या दिवशी परत हजर. एकटे असले की सरळ जाते, अक्का शेजारी बसल्या की डावीकडे.

*

चाचा म्हणाले, वजनाचा प्रश्न आहे. पण अक्कांना वजन विचारायची कोणाची छाती? शेजारच्या डाळ मिलमधून पन्नास किलोचं तूरडाळीचं पोतं आणून डाव्या सीटवर बसवलं.

नानांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "आजून वीस टाक."

टाकले. तरी गाडी सरळच! डाळीला जे जमत नाही ते अक्कांना कसं जमतं, हे मला काही केल्या कळेना.

*

शेवटी अक्कांना पुढे बसवून मी मागे बसलो. दोन किलोमीटर काहीच नाही. मग अक्कांनी बहिणीच्या सुनेचा विषय काढला. नानांना कमी ऐकू येतं. ते ऐकायला डावीकडे झुकले, त्यांच्याबरोबर हात झुकले, मागोमाग गाडी. अक्का थांबल्या, गाडी सरळ. सून परत आली, गाडी परत डावीकडे.

मी हे फक्त चाचांच्या कानात सांगितलं. नानांना ऐकू येत नाही हे अक्कांसमोर कोण काढणार? चाचांनी उगाच एक बोल्ट आवळला आणि अक्कांना सांगितलं की सेटिंग नवीन आहे, बोदवडला जाऊन येईपर्यंत गाडीत बोलू नका.

*

आखाजी झाली. चार दिवसांनी अँबेसिडर दारात उभी राहिली. भंगारवाल्याचा पत्ता विचारायला आले असतील, या भीतीने आम्ही दोघं बाहेर आलो. नाना स्टेअरिंगवर बसून राहिले. अक्का एकट्याच खाली उतरल्या.

चाचांनी विचारलं, गाडी ओढली का?

"नही भाऊ. जाता-येता एकदम सरळ गई."

मग त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा नानांकडे.

"पहिले व्हती तशीच करी दे."