मोजायच्या आधी लावलेला पॅच

आमच्या क्लबात पिस्तुलाची मॅच महिन्यातून एकदा असते, शनिवारी सकाळी. दुबईत करामा भागातल्या माझ्या शेजारणींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, मी बघायला जाते. नाही, मी खेळते. सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात दिवसभर शिपिंगचे कागद तपासून मान आखडते, तर महिन्यातली एक सकाळ ती ताठ ठेवायला मिळावी म्हणून.

खेळ सांगायला सोपा आहे. वाळूच्या बांधांमध्ये पुठ्ठ्याची टार्गेट्स उभी असतात. बीप वाजला की पळत, वळत, आडोशामागून डोकावत प्रत्येक पुठ्ठ्यावर दोन गोळ्या मारायच्या. वेळ कमी आणि नेम मध्यावर, तितके गुण जास्त. एकाचं खेळून झालं की रेंज ऑफिसर एकेक पुठ्ठा बघून भोकं मोजतो आणि गुण मोठ्याने सांगतो. तो पुढे सरकला की मागून बाकीच्यांनी त्या भोकांवर चिकट कागदी पॅच लावायचे, म्हणजे पुढच्याला पुठ्ठा कोरा मिळतो. आत्ता खेळून आलेला आणि आता खेळणार असलेला, या दोघांना त्यातून सूट. बाकी काम सगळ्यांचं.

सगळ्यांचं, असं नियम म्हणतो. आमच्या गटात ते माझं होतं.

पहिल्या महिन्यात पॅचचा रोल मीच हौसेने हातात घेतला होता. नवखी होते, नेम धड नव्हता, निदान कामाला तरी यावं. गटात एक डोंबिवलीकर होता, अल क्वोजमध्ये त्याचं गाड्यांचं गॅरेज. मराठी कानावर पडलं म्हणून मला कोण आनंद झाला. दुसऱ्या महिन्यापासून हा गृहस्थ सावलीत खुर्ची टाकून पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या भरत बसायला लागला आणि तिथूनच म्हणायचा, "ताई, जरा पॅचचं बघता का?" ताई म्हटलं की बाईचे हात आपोआप कामाला लागतात, हे त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. माझे लागायचे. त्याचं बघून आणखी दोघं-तिघं बसायला लागले. असे आठ महिने गेले. चीड यायची, पण दर वेळी वाटायचं, एवढ्याशा कामावरून काय बोलायचं.

त्या शनिवारी दुसऱ्या क्लबाबरोबरच्या सामन्यासाठी आमची टीम ठरणार होती. तीन जागा भरल्या होत्या. चौथीसाठी तो डोंबिवलीकर आणि मी. शेवटच्या फेरीत त्याचं खेळून झालं होतं, माझं बाकी होतं, आणि मला ती जागा हवी होती. उगाच विनय कशाला? त्या वर्षात मला दुसरं काहीच इतकं हवं नव्हतं.

आणि मी खेळले. पाय जिथे पडायला हवेत तिथे पडले, एकही पुठ्ठा सुटला नाही, शेवटच्यावरची दोन्ही भोकं मला उभ्या जागेवरून दिसली. पिस्तूल रिकामं करून दाखवलं. रेंज ऑफिसर पांढऱ्या मिशांचा लेबनीज, कोणाचं कौतुक करायचा नाही, पण त्याने घड्याळ दोनदा बघून वेळ सांगितली. मग आम्ही मोजायला निघालो. तिसऱ्या पुठ्ठ्याशी होतो तेवढ्यात माझं लक्ष पुढे गेलं. आठ महिने ज्याने रोलला बोट लावलं नव्हतं तो शेवटच्या पुठ्ठ्यापुढे उभा राहून माझ्या भोकांवर पॅच लावत होता.

मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. मुद्दाम करायला आधी नियम माहीत असावा लागतो.

रेंज ऑफिसरने विचारलं, किती भोकं होती? तो म्हणाला, "एक था शायद." एक! पुठ्ठ्यावर जुने पॅच इतके होते की नवे कुठले ते त्यालाही दाखवता येईना. दोन होती हे मला माहीत होतं, पण तिथे खेळणाऱ्याच्या शब्दाला किंमत नसते, आणि नसावीच. "खलास. रीशूट," रेंज ऑफिसर म्हणाला. परत खेळा. नियम बरोबर होता, त्यामुळे भांडायलाही कोणी उरलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि हा म्हणतो, "सॉरी ताई, मदत करायला गेलो."

रागाने हात जड होतात. दुसऱ्यांदा मी दोन सेकंद हळू खेळले आणि एक गोळी पुठ्ठ्याबाहेर वाळूत गेली. जागा त्याला मिळाली.

सामान आवरताना तो आला. म्हणाला, "ताई, टीमबरोबर तुम्हीपण चला ना. पॅचिंगला आपलं माणूस पाहिजे."

मी रोल त्याच्या हातात ठेवला. "आधी मोजतात, मग चिकटवतात. तिकडे सांगायला मी नसेन."

या वाक्यावर मी गाडीपर्यंत खूश होते. न्यायला लेक आली होती. तिला सगळं सांगितलं, आवाज चढवून, हातवारे करून. ती गाडी चालवत ऐकत होती.

"बट ममा, हाऊ डिड ही नॉट नो?"

म्हटलं, कसं माहीत असणार? आठ महिन्यांत एकदा तरी केलंय का त्याने ते काम?

"देन हू वॉज डूइंग इट फॉर हिम?"

तोवरचा सगळा राग त्याच्यावर होता. माझ्या पायावर पडलेला धोंडा आठ महिने मीच उचलून जवळ आणत होते, हे एकोणीस वर्षांच्या पोरीने मला इंग्रजीत सांगावं!

पुढच्या मॅचला मी घरून खुर्ची नेली. माझ्या वाटणीचे पॅच लावले आणि सावलीत येऊन बसले. "ताई," अशी हाक आली. पुन्हा आली. मी मॅगझिन भरत राहिले. पुठ्ठ्यांवरची भोकं तशीच उघडी, मॅच थांबलेली. रेंज ऑफिसर वळला आणि सावलीतल्या खुर्च्यांकडे एकेक करून बघू लागला. त्याची नजर माझ्यावरून पुढे सरकली आणि शेजारच्या, डोंबिवलीकराच्या खुर्चीवर थांबली.

मग तो उठला.