घरची बाटली

आमच्या वरच्या मजल्यावरची सॉसवाली घाबरट नाही, हे आधीच सांगते. झुरळ हाताने उचलून खिडकीबाहेर टाकणारी बाई ती. पण त्या मंगळवारी माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन उभी राहिली, तर पायात चपला नाहीत आणि फोन मुठीत गच्च धरलेला.

तिचा नवरा फर्निचरला पॉलिश करतो. ही घरी तेरियाकी सॉस करते, नूडल्सवर घालायचा जपानी गोडसर सॉस. सोया सॉस, साखर, आलं, लसूण, थोडं व्हिनेगर, आणि शेवटी पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर. आटून आटून काळपट तपकिरी झाला, चमक आली, की उतरवायचा. दर मंगळवारी सहा बाटल्या भरते. पाच गिऱ्हाइकांच्या, त्यातली एक माझी. सहावी पातेलं खरवडून भरलेली, ती घरची. ती मोजायचीच नाही. विचारलं तर म्हणते, "पाच केल्या."

नवराही तसलाच शहाणा. सॉसच्या रिकाम्या बाटल्यांची झाकणं घट्ट बसतात म्हणून लाकडाला लावायचा रंगही त्यातच कालवून ठेवतो. तोही तपकिरी, वास म्हणून नाही, आणि बुरशी धरू नये म्हणून त्यात कसलंसं विषारी औषध! मी शंभरदा सांगितलं होतं, अरे बाबांनो, निदान चिठ्ठी तरी चिकटवा. पण माझं ऐकतंय कोण?

सॉस जमला का, हे बघायची तिची एक रीत आहे. गार ताटलीच्या पाठीवर थेंब टाकायचा आणि त्यातून बोट ओढायचं. रेघ टिकली तर जमला, मग बोट चाटायचं. रेघ मिटली तर पुन्हा गॅसवर. नऊ वर्षांच्या पोरीलाही तिने हेच शिकवलंय. पोरगी दिवसभर बडबडते म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो. आजी कावते तिच्यावर, "जेवायच्या आधी ताटली घाण करायची, हे कुठलं खूळ?"

तर त्या दिवशी नवऱ्याचा कामावरून फोन आला. "अगं, मी रंग समजून सॉस घेऊन आलो! खुर्चीला लावला, तर फडकंच चिकटून बसलं. म्हणजे रंग घरी राहिला. तू बाटल्या वाटल्यास की काय?"

वाटल्या होत्या. सकाळीच.

"ताई, कुणाच्या तरी घरी ते विष गेलंय हो," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. आधी माझीच बाटली काढली, ताटली उलटी केली, थेंब टाकला. रेघ टिकली. मग तिघींना फोन लावले. फोन ती लावून देत होती, बोलत होते मी. "काही विचारू नकोस, थेंब टाक, बोट फिरव, चाटू मात्र नकोस!" पहिलीची रेघ टिकली. दुसरीची टिकली. तिसरी ताटली शोधायला गेली ती येईचना, आणि तेवढ्या वेळात सॉसवालीने माझा दंड इतका आवळला की वळ उठला. तिसरीचीही टिकली.

राहिली समोरच्या इमारतीतली नर्सबाई. ती रात्रपाळीहून येते, जेवते, फोन बंद करते आणि झोपते. फोन बंदच होता.

आम्ही धावत रस्ता ओलांडला, तीन मजले चढलो. दार वाजवलं, बडवलं. आतून काही नाही. सॉसवाली दाराला कपाळ टेकून पुटपुटत होती, "उठ गं बाई, उठ." खोटं कशाला बोलू, मला पोलीस दिसायला लागले होते.

दार उघडलं. केस पिंजारलेले. "आग लागलीय का कुठे?" जिवंत! सॉसवाली तिला ढकलून आत गेली. ओट्यावर उष्टी ताटली, तपकिरी ओघळ. बाटली घेऊन हिने ताटलीच्या पाठीवरच थेंब टाकला. रेघ टिकली. आम्ही दोघी गळ्यात पडून हसायला लागलो, रडायलाही लागलो.

सगळं ऐकून घेतल्यावर नर्सबाईने जांभई दिली आणि विचारलं, "मग रंग आहे कुठे?"

सॉसवाली हसायची थांबली. घरची बाटली ती मागच्या फळीवर ठेवते. नवरा रंगही तिथेच ठेवतो. त्याने हिची उचलली होती, आणि हिने दुसरी उचलून गॅसपाशी ठेवली होती. पाचही घरं पालथी घातली, पण आपलं घर हिला आठवलंच नाही. आणि मी एवढी शहाणी, मलाही सुचलं नाही!

"शाळा बाराला सुटते," ती म्हणाली. पावणेएक झाला होता. घरी म्हातारी आणि पोर, आणि घरात असलेला एकच फोन हिच्या मुठीत.

जिन्यावरून ती कशी उतरली मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा ती दारातच थिजलेली. टिटवी टेबलाशी बसली होती. पुढ्यात नूडल्स, उघडी बाटली, उलटी ताटली.

"आई, आज सॉस बिघडवलास तू! आजी म्हणते असाच खा. मी नाही खाल्ला."

"बोट," आई म्हणाली. "बोट चाटलंस?"

टिटवीने बोट पुढे केलं. टोकापर्यंत तपकिरी, तसंच्या तसं.

"रेघ मिटली ना," ती म्हणाली, "मग कशाला चाटू?"

आई खालीच बसली. पोरीचं बोट तिने साबणाने धुतलं, लिंबाने घासलं, पण लाकडाचा रंग तो, निघतोय कसला! आठ दिवस राहिला. रंग आता पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर असतो. पण ते आठ दिवस सॉसवाली दर थोड्या वेळाने काम टाकून यायची आणि पोरीचा हात उलटा करून बघायची, ते बोट अजून तपकिरी आहे ना.