नवा स्टार्टर

खालच्या पार्किंगमध्ये आज कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. तो आवाज ऐकला आणि मला मुलुंडचं ते गॅरेज आठवलं.

आईला डायलिसिसवरून घरी नाहूरला आणताना आमची गाडी अशीच अडली होती. बाबांनी आणि मी ती ढकलत गॅरेजपर्यंत नेली. आई मागच्या सीटवर उशीला टेकून बसली होती, हाताला पट्टी, ओठ सुकलेले. मेकॅनिकने स्टार्टर काढून पाहिला आणि म्हणाला, "गेला हा. दुरुस्त केलेला जुना टाकला तर वर्षभर चालेल. नवा घेतलात तर सात-आठ वर्षं बघायला नको."

ग्रीसचा आणि जळक्या तारेचा वास येत होता. बाबा एकेक स्टार्टर हातात घेऊन बघत होते. आई खिडकीतून हळूच म्हणाली, "अहो, जुनाच टाका ना. माझ्यासाठीच तर गाडी काढता. वर्षभर पुरे झालं."

मेकॅनिकने मान खाली घातली. बाबांनी वळूनही पाहिलं नाही. "नवाच बसवा," ते म्हणाले.

तेव्हा वाटलं, बाबा आईचं ऐकूनच घेत नाहीत. आज कळतं, जुना घेणं म्हणजे तिच्या बोलण्याला हो म्हणणं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं.

आई त्याच वर्षी, दिवाळीच्या आधीच गेली. बाबांनी नंतर गाडी कुठेच नेली नाही. रोज सकाळी खाली जाऊन ते ती सुरू करायचे, स्टीअरिंगवर हात ठेवून थोडा वेळ बसायचे आणि बंद करून वर यायचे.