एक दिवस उशिरा केलेला बेंदूर

मी फणसवाडीतल्या चाळीत वाढले. माहेर मूळचं कोकणातलं, त्यामुळे बैल म्हणजे मे महिन्यात गावी दिसणारं ठेंगणं, गरीब जनावर, एवढीच माझी अक्कल. लग्न होऊन परळला माणदेशी घरात आले तेव्हा खिलार बैल काय चीज असते ते कळलं. उंच, पांढराशुभ्र, लांब शिंगं मागे झुकलेली, आणि सदा डोक्यात राख घातलेला. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, गिरणी बंद पडल्यावर गावी जाऊन राहिले आणि पुढे तिथेच रमले ते अशाच एका बैलापायी.

खिलार एका माणसाचं जनावर. आबांनीच त्याला खोंड असल्यापासून वाढवलं. त्याला धुणार आबा, शिंगं काचेनं तासून तेल लावणार आबा, वैरण टाकणार आबा. दुसरं कुणी जवळ गेलं की हा फुरफुरलाच. पुढे घरात ट्रॅक्टर आला, जोडीतला दुसरा बैल म्हातारा होऊन गेला, तरी ह्याला विकायची भाषा आबांपुढे कुणी काढली नाही.

ह्या उन्हाळ्यात आबा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही त्यांना इकडे आणलं. ऑपरेशन झकास झालं, पण आबा जेवेनात. भाकरीचा कोपरा मोडायचे आणि ताट सारायचे. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली नाही तर हे परत पायावर उभे राहणार नाहीत. तेवढ्यात गावाहून धाकट्या दिरांचा फोन. बैल वैरणीला नुसतं तोंड लावतो, बरगड्या दिसायला लागल्यात, आणि गुरांच्या डॉक्टरला दुखणं सापडत नाही. घ्या! इकडे एक रुसलेला, तिकडे एक, आणि मध्ये माझं मरण. कढण, खिमट, सूप, सगळं करून झालं. वरून मी चिडचिड करत होते, पण खरं सांगते, भीती वाटत होती. असा सासरा मिळायला नशीब लागतं.

आषाढातला बेंदूर आला. बैलांचा सण. म्हटलं, होऊ दे दणक्यात. लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यातून शाडूची बैलजोडी करून घेतली (शिंगं काही खिलारची नव्हती, पण असो). सकाळपासून पुरण शिजवलं, कटाची आमटी केली. दुपारी आबांपुढे ताट वाढलं आणि शेजारी व्हिडिओ कॉल लावून फोन उभा केला. तिकडे दीर पोळी घेऊन बैलापुढे उभे.

आबांनी फोनमधल्या बैलाला हात जोडले आणि विचारलं, "काल आवतण दिलंत का त्याला?"

मी दिरांकडे बघितलं, दिरांनी माझ्याकडे. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि कानात त्याला जेवायला बोलवायचं, अशी रीत. दरवर्षी आबाच करायचे, म्हणून दिरांच्या डोक्यातून गेलं. मला बापडीला तर ठाऊकच नव्हतं. आबा म्हणाले, जन्मभर राबला तो, त्याला न बोलावता जेवायला वाढायचं? तो नाही खायचा. आणि त्याच्या आधी आपण घास घेणार नाही.

माझी सटकली. एवढं पुरण वाटून हात गळून आले होते. म्हटलं, मग बेंदूर उद्या करू, पंचांगवाले काय पकडायला येणारेत? नवरा बघतच राहिला. आबा मात्र हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

संध्याकाळी दीर शिंगं सांभाळत बैलाजवळ गेले. तो फुरफुरला, पण फोनवर आबा बोलायला लागले तसा जागच्या जागी उभा राहिला. दिरांनी खांदे चोळले आणि फोन त्याच्या कानाशी धरला. आबा पुढे वाकले. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," म्हणाले. मग आवाज बारीक करून, "मी येतोय रं. पाय तेवढा बरा होऊ दे." मला रडू आलं. ओट्यापाशी जाऊन उगाच भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी पोळ्या परत लाटल्या. दिरांनी पोळी पुढे केली. बैलानं हुंगली आणि मान फिरवली. आबांचा चेहरा पडला. मग त्यांनी आपल्या ताटातली पोळी मोडली, दुधात बुडवली आणि फोनजवळ तोंड नेऊन मचमच चावायला लागले. गावी ते असेच त्याच्याशेजारी बसून भाकरी खायचे, असं नवऱ्यानं मला हळूच सांगितलं. हे बघ, मी खातोय, आता तू खा, असं आबा त्याला समजावत होते आणि एकेक घास घेत होते. त्याच्या आधी जेवणार नाही म्हणणारे हेच ते.

खाल्ली, खाल्ली, असं तिकडून दीर ओरडले. नवरा फोनवर वाकला. मी नाही वाकले. मी आबांच्या ताटाकडे बघत होते. पहिली पोळी कधीच संपली होती, आणि बैलाशी बोलण्याच्या नादात दुसरीही निम्मी झाली होती. मी हळूच तिसरी वाढली.